मुद्राचित्रावर जलरंग : दोन्ही एकाच चित्रातले वाटतच नाहीत

ओलीकड

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज धागा काढायची वेळ आलीच.

जलरंग माझ्या हातातले. मुद्राचित्रण, म्हणजे प्लेटवरून कागदावर छापे काढणं, त्या मानानं नवं, आणि सध्या कोलाग्राफचं वेड लागलंय. जाड माउंटबोर्ड घ्यायचा, त्यावर फाडलेला टिश्यू, दोरे, पांढऱ्या गोंदात कालवलेली बारीक वाळू चिकटवायची, कुठं ब्लेडनं बोर्डचा वरचा थर सोलून काढायचा, सगळं वाळलं की पुढून-मागून शेलॅकचे, म्हणजे लाखेच्या वार्निशचे, दोन हात. मग तैलशाई भरायची, जाळीच्या कापडानं पुसायची आणि छोट्या टेबलप्रेसवर ओल्या कागदावर छापा काढायचा. इथपर्यंत मजाच मजा. उतार, खडक, धुकं असलं काहीतरी त्यातून आपसूक दिसायला लागतं आणि ते तसंच अर्धवट राहावं असं मला वाटतं. ओळखू येणारा डोंगर नकोय.

घोळ पुढं होतो. छापा वाळल्यावर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, द्यायला गेले की कागद रंग गटकन पिऊन टाकतो. ब्रश टेकला तिथं डाग, पुढं सरकवायला ओलच शिल्लक नाही, आणि वाळल्यावर रंग मेल्यासारखा दिसतो. कागद मुद्राचित्रणाचाच आहे, मऊ, पूर्ण कापसाचा. म्हणजे कागद हलका आहे असंही नाही.

उलटं करून पाहिलं. आधी जलरंग, ते वाळल्यावर कागद भिजवून वर छापा. पाण्याच्या ट्रेमध्येच अर्धं आभाळ वाहून गेलं.

तिसरी गोष्ट तंत्राची नाही, म्हणून जास्त बोचते. बरा जमलेला तुकडासुद्धा लहान मुलांच्या रंगवायच्या पुस्तकासारखा दिसतो. काळ्या रेघा छापलेल्या, मधे रंग भरलेला. छापा वेगळा, जलरंग वेगळे, दोघांची एकमेकांशी ओळखच नाही. रंग कमी केला तर नुसतं कोलाग्राफ उरतं, वाढवला तर कोलाग्राफ केलं कशाला असं होतं.

दोन्ही मिसळून अमूर्त निसर्गचित्र करणारं इथं कोणी आहे का? आधी काय, नंतर काय, कागद, शाई, सगळंच सांगा.


तिसराछापा

ओलीकड, धागा वाचून हात शिवशिवले. लांबण लागणार, चहा... असो, बसून वाचा.

कागदापासून सुरू करतो, तुमची निम्मी तक्रार तिथंच मिटेल. जलरंगाच्या कागदाला साइझिंग असतं, म्हणजे पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेली खळ. चांगल्या कागदात ते लगद्यातही असतं आणि वरून जिलेटिनचा हातही दिलेला असतो. म्हणून पाणी थोडा वेळ वर तरंगतं, ब्रशनं ढकलता येतं, कड मऊ करता येते, नको तिथला रंग उचलता येतो. मुद्राचित्रणाच्या मऊ कागदाला साइझिंग अगदी कमी, कधी कधी नसतंच. त्यानं पटकन भिजावं, मऊ पडावं, प्लेटच्या खाचेत शिरावं आणि तिथली शाई ओढून आणावी, हे त्याचं काम. त्यावर वॉश टाकणं म्हणजे टीपकागद रंगवणं. तुमचा हात चांगलाच असणार, पण तिथं हाताला काही करायला वावच नाही.

यातून वाटा दोन. एक, छापाच जलरंगाच्या कागदावर काढा. हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाचा, ३०० ग्रॅमचा. तो साध्या गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, बाहेर काढून टीपकागदात दाबा. वर पाणी चकाकताना दिसायला नको, पण हाताला गार नि मऊ लागला पाहिजे. गरम पाणी नको आणि रात्रभर भिजत ठेवणं तर नकोच. जिलेटिन निघून जातं आणि पुन्हा तोच टीपकागद हातात येतो. खोल खाचांतली शाई मऊ कागदाइतकी येणार नाही, प्रेसचा दाब थोडा वाढवावा लागेल.

दुसरी वाट, कागद तुमचा तोच, पण छापा पूर्ण वाळल्यावर त्याला साइझिंग आपण करायचं. एक लिटर पाण्याला वीस-पंचवीस ग्रॅम जिलेटिन. आधी थोड्या गार पाण्यात फुगू द्यायचं, मग गरम पाण्यात विरघळवायचं, उकळायचं नाही. कोमट असतानाच रुंद मऊ ब्रशनं एक हात, एकाच दिशेनं, आणि वाळायला टांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर ब्रश फिरवलात की फरक लगेच कळेल. मला स्वतःला ही दुसरी वाट आवडते. मऊ कागदात शाई जशी बसते तशी जलरंगाच्या कागदात बसत नाही, ते सुख सोडवत नाही.

शाई. तैलशाई वापरताय ते उत्तम. ती हवेतल्या ऑक्सिजननं घट्ट होते, त्यामुळे पातळ थर काही दिवसांत तयार होतो, पण खाचेतून जाड आलेल्या रेघेला आठवडा, दोन आठवडेही लागतात. कोरडा टिश्यू दाबून बघा. डाग आला तर थांबा. पाण्यानं धुता येणाऱ्या शाया घेणार असाल तर डबीवरचं बारीक अक्षर वाचा, कारण त्यात दोन जाती आहेत. एक तेलाचीच, फक्त साबणपाण्यानं निघेल अशी केलेली. ती वाळली की पाण्याला दाद देत नाही. दुसरी डिंकात बांधलेली. ती वाळल्यावरही ओला ब्रश लागताच विरघळते आणि सगळा वॉश राखाडी करून टाकते. (कधी कधी तेच हवं असतं, पण ते मुद्दाम केलेलं बरं.)

आधी जलरंग हवेच असतील तर कागद बुडवायचा नाही. मागच्या बाजूनं स्प्रेनं ओल द्यायची, ओलसर टीपकागदांच्या मधे घालून वर प्लॅस्टिक, रात्रभर दाबून ठेवायचं. ओल सगळीकडे सारखी पसरते आणि रंग जागचा हलत नाही, किंवा फार थोडा हलतो. त्या पहिल्या वॉशला थॅलो, क्विनॅक्रिडोन असले कागदात मुरणारे रंग घ्या. अल्ट्रामरिन, सेरुलियन हे निळे वर बसून राहतात, ते आधी निसटतात.

आता रंगवायच्या पुस्तकाबद्दल. तो भास होतो कशानं? शाई जिथं संपते, बरोबर तिथंच रंगही संपतो म्हणून. छापलेला उतार दिसला की हात आपोआप त्याच्या आत रंग भरायला लागतो. माझा एवढा एकच हट्ट आहे, बाकी सगळं हवं तसं मोडा: शाईची हद्द आणि पाण्याची हद्द एका रेघेवर येऊ द्यायची नाही. वॉश उतारात सुरू होऊन क्षितिज ओलांडून वर जाऊ दे. नाहीतर उताराच्या अध्यातमध्यातच संपू दे, पुढचा उतार नुसत्या शाईचा, कोरडा. दोन्ही कडा वेगवेगळ्या धावल्या की डोळा दोघींच्या मधल्या जागेत फिरायला लागतो. ती जागा शाईनंही सांगितलेली नसते आणि रंगानंही नाही, आणि तुम्हाला जे अर्धवट राहायला हवंय ते नेमकं तिथं राहतं.

आणि काळी शाई कमी करा. जलरंग वाळला की फिका पडतो, ते तुम्हाला सांगायला नको. शेजारी गच्च काळं असेल तर तुमचा गडदातला गडद वॉशसुद्धा पांचट दिसणार. शाईत निम्म्याच्या वर पारदर्शक बेस (रंग नसलेली, शाई फिकी करणारी शाई) घाला, काळ्याऐवजी निळसर करडा किंवा मातकट तपकिरी करा. किंवा सरळ दुसरा छापा घ्या. पहिला छापा काढल्यावर प्लेटवर शाई न भरता तीच प्लेट पुन्हा प्रेसखाली घालायची. त्याला घोस्ट म्हणतात. पहिल्या छाप्यात जे ओरडून सांगितलेलं असतं ते या दुसऱ्यात पुटपुटल्यासारखं येतं, आणि जलरंगाला बोलायला जागा मिळते. माझ्या नावावरून कळलंच असेल, मी त्याच्याही पुढचा, तिसरा काढून बघतो. पुष्कळदा त्यावर काहीच नसतं. कधी कधी मात्र चार खुणा असतात आणि सगळं चित्र त्या चार खुणांवर उभं राहतं.

एक नाव सांगून थांबतो. हर्क्युलिस सेगर्स, डच, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. एकाच प्लेटचे छापे तो निरनिराळ्या रंगांच्या शाईत काढायचा, आधीच रंग दिलेल्या कागदावर, कधी कापडावर, मग वरून ब्रशनं रंगवायचा, आणि प्रत्येक छापा वेगळ्या ठिकाणी कापायचा. त्याच्या पन्नासेक प्लेट्सचे मिळून १८०च्या आसपास छापे आज उरलेत. त्यातले एकाच प्लेटचे दोन शेजारी ठेवले तर एक पहाटेचा नि एक जळून गेलेल्या मुलखाचा वाटतो. खडक असे की पृथ्वीवरचे आहेत की नाही शंका यावी. प्रसिद्ध डच चित्रकार रेम्ब्रांटकडे त्याची आठ चित्रं होती, आणि सेगर्सची एक कोरलेली प्लेट हाती आल्यावर त्यानं तिच्यातला काही भाग खोडून स्वतःच्या आकृत्या कोरल्या, निसर्ग मात्र बराचसा सेगर्सचाच ठेवला. इंटरनेटवर त्याचे छापे मोठे करून बघायला मिळतात. मोठे करूनच बघा, शाईच्या रेघेवरून ब्रश कसा बेफिकीर गेलाय ते दिसेल.


पाटीवरचंपाणी

तिसराछापा यांच्या बाकी सगळ्याला +१, पण मला एक वेगळंच सुचवायचंय. छापा तेलाचा नि रंग पाण्याचा, म्हणून त्यांची ओळख पटत नाही. मग छापाच पाण्याचा करा ना!

दोन मार्ग. जपानी लाकूडठसा, मोकुहांगा. त्यात तैलशाई नसतेच. पाण्यातलं रंगद्रव्य आणि तांदळाच्या पिठाची खळ लाकडावरच ब्रशनं एकत्र करायची, ओलसर जपानी कागद ठेवायचा आणि बारेननं मागून घासायचं. बारेन म्हणजे बांबूच्या सालीत गुंडाळलेली चपटी गोल गादी. प्रेस लागत नाही. जपानी ठसेचित्रकार हिरोशिगेच्या आभाळात वर गडद निळी पट्टी असते नि ती खाली येता येता विरून जाते, ते बोकाशी. लाकडावर आधी पाण्याचा हात, मग ब्रशच्या एकाच कोपऱ्याला रंग, आणि तो आडवा ओढत न्यायचा. प्रत्येक छाप्याला पुन्हा नव्यानं. जलरंगाचा वॉश देणारा हात याला लगेच सरावतो. कागदाला मात्र इथंही साइझिंग लागतं, जपानी कागदावर सरस नि तुरटीच्या पाण्याचा हात देतात.

दुसरा मार्ग प्रेसवाल्यांसाठी, म्हणजे तुमच्यासाठी. ॲक्रिलिकची शीट घ्या, बारीक पॉलिश पेपरनं घासून धूसर करा. त्यावर गम अरेबिकचा, म्हणजे डिंकाचा, पातळ हात, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे डिंक थेंबाथेंबानं गोळा होत नाही. वाळू द्या. मग नेहमीच्या जलरंगानं त्यावर चित्र काढा, बिनधास्त, ओल्यावर ओलं चालेल. हे पूर्ण वाळू द्यायचं. मग ओलसर कागद ठेवून प्रेसमधून. कागदाची ओल डिंक सोडवते आणि रंग कागदावर येतो. ब्रशचे फटकारे, थेंबांच्या कडा, सगळं उलटं होऊन येतं, आणि जलरंगात असते ती सगळी हालचाल छाप्यातच येते. यावर मग तुमची कोलाग्राफ प्लेट फिकट शाईत छापायची.


ओलीकड

बापरे, किती लिहिलंत. खरंच धन्यवाद.

तिसराछापा, घोस्टवर वॉश देऊन पाहिला. जिलेटिनचा हात दिला होता. काय सांगू, रंग चक्क वाहिला! उताराची कड सोडून मुद्दाम पलीकडे नेला. हात मागे ओढत होता, तरी नेला. पुस्तक गेलं. आता दुसरीच भानगड: सगळंच इतकं मऊ झालंय की कुठं टेकावं कळत नाही.

पाटीवरचंपाणी, डिंकाच्या शीटचा पहिला छापा ठिकठिकाणी सुटला नाही, शीटवरच राहिला. कुठं नडलं असेल?

आणि एक राहिलंच. प्लेटला शाई न लावता नुसती कोरी छापली तर कागदावर छान उठाव येतो. त्यावर जलरंग दिले तर?


पाटीवरचंपाणी

बहुतेक कागद कोरडा पडला असेल, किंवा दाब कमी. कागद तैलशाईच्या छाप्याला घेता त्याहून किंचित ओला घ्या. रंग जिथं जाड, चकचकीत थरात बसला होता तिथंच सुटला नसेल तर डिंक जास्त झालाय, पातळ करा. आणि थॅलो निळा, हिरवा शीटला चिकटून बसतात, त्यांच्याखाली डिंक नीट पोचलाय का बघा. शीटवर उरलेलं पुसू नका, त्यावरच थोडे रंग घालून पुढचा छापा घ्या.


तिसराछापा

कोरा उठाव! हे विचारलंत ते फार बरं केलंत, यावर मी तासभर बोलू शकतो.

कोऱ्या प्लेटचा उठाव आलेला कागद टेबलावर सपाट ठेवा आणि बाजूनं दिवा लावा. प्लेटवर जे उंच होतं, दोरा, वाळू, ते कागदात खोल गेलेलं असतं. ब्लेडनं सोललेला भाग वर आलेला असतो. आता ग्रॅन्युलेट होणारा, म्हणजे ज्याचे कण पाण्यातून वेगळे होऊन खाचांत बसतात असा, रंग घ्या. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएनाचं मिश्रण यासाठी उत्तम, दोघांचेही कण जड. पातळ, पाणीदार वॉश कागदावर सोडा आणि हात काढून घ्या. ब्रशनं पुन्हा शिवायचं नाही. आधी सगळं सारखं करडं दिसतं. पाणी आटायला लागलं की कण उताराला लागतात. दोऱ्याच्या खाचेत निळा जाऊन बसतो, खाचेच्या काठाला सिएनाची तांबूस धार राहते. वाळूच्या जागी बारीक बारीक ठिपके, प्रत्येकाच्या तळाशी गडद, वर जवळजवळ कोरा कागद. दोन रंग टाकले होते ते वेगळे होऊन वेगवेगळ्या उंचीवर राहायला गेलेले असतात. खरा ओढा जमिनीवरून गाळ नेतो तोच सगळा कारभार कागदाच्या अर्ध्या मिलिमीटरात चाललेला असतो. म्हणून ते निसर्गासारखं दिसतं, निसर्ग काढलेला नसतानाही. ब्रशनं असा ओढा कोणी काढून दाखवावा, मी प्रेस विकून टाकीन.

अट एकच, आणि ती कडक आहे: ओल मिळाली की कागद सैल पडतो आणि उठाव बसतो. म्हणून पाणी एकदाच. थर चढवायचे नाहीत. वाळताना वजन ठेवायचं नाही, कागद ताणून टेपही लावायची नाही, नाहीतर सगळं सपाट. जाड कागद घ्या. थोडा वाकडा वाळेल, वाळू द्या. आणि साइझिंगवाला कागद हवा, नाहीतर कण खाचेपर्यंत पोचायच्या आधीच जागच्या जागी पिऊन टाकले जातील.

तुमच्या "टेकावं कुठं" याचं उत्तर इथंच आहे. घोस्ट आणि वॉश दोन्ही मऊ. त्यात एखाद्याच ठिकाणी हा उठाव किंवा पूर्ण ताकदीची शाई द्या. एकाच ठिकाणी. प्लेटच्या एका कोपऱ्यालाच शाई भरा, बाकी पुसून काढा.


करडा

मंडळी, कागद-शाईचं चालू द्या, मी जरा आडवा येतो.

धागाकर्तीला अमूर्त हवंय. मग आधी क्षितिज काढून टाका. आडवी रेघ आली की वरचं आभाळ, खालचं जमीन, खेळ संपला. पुढं कितीही पोत घाला, बघणारा "अरे वा, डोंगर" म्हणून पुढं जातो.

चित्रकार पॉल क्लेनं साधारण १९१९पासून तेल आणि पाणी एकत्र कसं आणलं ते बघा. एका कागदाला काळा तैलरंग फासायचा, तो पालथा दुसऱ्या कागदावर ठेवायचा आणि मागून टोकानं रेघ ओढायची. कार्बन पेपरचीच पद्धत. रेघ तर उतरतेच, पण हाताचा तळवा जिथं टेकला तिथं धुरकट डागही उतरतात. मग वरून जलरंगाचे वॉश. ते डाग त्यानं पुसले नाहीत. निम्मी हवा त्या डागांतच आहे. प्रेस नाही, प्लेट नाही. ओलीकड, तुमच्या सगळ्या साधनांपेक्षा हे स्वस्तात स्वस्त नि मला विचाराल तर जास्त जिवंत.

आणि देगाची निसर्गचित्रं. त्यानं तैलरंगात मोनोटाइप, म्हणजे प्लेटवर रंगवून थेट घेतलेले छापे, काढले, वरून पेस्टल, आणि १८९२ मध्ये पॅरिसमध्ये मांडले. नर्तकींचा चित्रकार म्हणून आपण ज्याला ओळखतो तो. त्यातली काही बघून टेकडी आहे की ढग ते सांगता येत नाही. प्लेटवरचा रंग कापडानं, बोटानं पुसत त्यानं ती केली. जलरंग नव्हेत, पण खाली छापा नि वर हात, हाच मामला.


तिसराछापा

करडा, क्लेचं पटलं. तळव्याचे डाग हा मुद्दा लाखाचा.

क्षितिज काढून टाकायचं मात्र पटत नाही. ते काढलंत की बहुतेकांच्या हातून भिंतीवरचा पोत तयार होतो, निसर्ग राहत नाही. बघणाऱ्याला कुठंतरी उभं राहायला जागा लागते. मी क्षितिज ठेवतो आणि त्याच्याभोवतीचे नियम उलटे करतो. लांबचं फिकं, गार, मऊ आणि जवळचं गडद, उबदार, खरखरीत, ही हवेतल्या अंतराची नेहमीची रीत. आपल्याकडे दोन माध्यमं आहेत. खरखरीत शाई वर, लांबच्या जागी द्या, आणि पायाशी नुसता वाहता वॉश. जमीन पायाखालून सरकते आणि लांबचं अंगावर येतं. क्षितिज तिथंच असतं, पण कुणाला "अरे वा, डोंगर" म्हणता येत नाही.


करडा

हे करून बघावं लागेल. तोवर माझा शब्द अर्धा मागे.

एक भर: कापणं. पूर्ण छापा चित्र म्हणून बघूच नका. जाड कागदाचे दोन काटकोन करा, त्यांची चौकट छाप्यावर फिरवत राहा. माझ्याकडच्या मोठ्या छाप्यांतून पुष्कळदा तळहाताएवढाच तुकडा निघतो. सेगर्सही कापायचाच, वर आलंय.


ओलीकड

एक प्रयोग इथं नोंदवून ठेवते, कुणाच्या कामी आला तर येईल.

डिंकाच्या शीटवर आडवा वॉश, खालच्या दोन तृतीयांशात, गार करडा. कागद थोडा जास्त ओला घेतला, या वेळी जवळजवळ सगळं सुटलं. तो छापा पूर्ण वाळू दिला. मग मागून ओल देऊन रात्रभर दाबून ठेवला आणि त्यावर कोलाग्राफ प्लेट, वरच्याच पट्टीत शाई भरलेली, तपकिरी, पारदर्शक बेस घातलेली, खालचा भाग कोरा. म्हणजे वर शाई, खाली कोरा उठाव. शाई वाळल्यावर (वाट बघणं हाच सगळ्यांत अवघड भाग) खालच्या उठावावर अल्ट्रामरिन-सिएनाचा एकच वॉश, आणि हात काढून घेतला.

वॉश वर शाईपर्यंत पोचला तिथं गंमत झाली. तैलशाईनं पाणी ढकललं, शाईच्या प्रत्येक तुटक रेघेभोवती केसाएवढी कोरी कड राहिली. मी काढली नाही, मला काढताही आली नसती. टिश्यूची फाटकी कड होती तिथं ती सगळ्यांत छान आलीये. उठाव थोडा बसला, पण खाचा वाचल्या.

शाईच्या पट्टीपासून खालच्या ओल्या भागापर्यंत उतरताना डोळा मधेच एका ठिकाणी अडखळतो. तिथं शीटवरचा करडा आणि वरचा निळा एकमेकांवर आलेत आणि दोन्हींच्या कडा जुळत नाहीत. आधी दुरुस्त करायला ब्रश उचलला होता. ठेवून दिला.

आता एक व्यवहाराचा प्रश्न. याला नंबर काय घालायचा? छापा आहे, पण असा दुसरा निघणार नाही.


पाटीवरचंपाणी

डाव्या कोपऱ्यात पेन्सिलनं १/१. प्लेट पुन्हा वापरता येण्यासारखी असली तरी चित्र एकच आहे, म्हणून मोनोप्रिंट. एकाच प्लेटवरून अशी मालिका केलीत, दर वेळी रंग वेगळे, तर ती बदलती आवृत्ती धरतात. तेव्हा अंकाच्या आधी ई. व्ही. (एडिशन व्हेरिएबल) लिहायचं, मग १/६, २/६ असं. पेन्सिलच वापरा, शाईचं पेन नको. आणि उठाव आहे तर फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घ्या.


तिसराछापा

आणि माध्यम लिहिताना "कोलाग्राफ आणि जलरंग, कागदावर" असं सरळ लिहा, "मिश्र माध्यम" नको. मिश्र माध्यम म्हटलं की बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

प्लेट मोडीत काढू नका अजून. शेलॅकचा आणखी एक हात द्या, खालचा कोरा भाग आता शाईनं भरून बघा.